सोया रोज खावे का? वजन, थायरॉइड आणि हार्मोन यांबद्दल सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: वजन उतरवण्यासाठी रोजच्या जेवणात सोया चंक्स आणि सोया दूध सुरू केले आहे. आता कुणी म्हणते सोयाने उलट वजन वाढते, कुणी म्हणते थायरॉइड बिघडतो, कुणी पुरुषांना सोयापासून लांब राहायला सांगते. यात तथ्य किती? आणि खायचे तर किती, कसे?

सगळा घोळ ‘सोया’ या एका शब्दात आहे. या शब्दाखाली निदान दहा वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात आणि त्यांचे शरीरातले वागणे एकसारखे नसते. अख्ख्या वाळलेल्या सोयाबीनच्या 100 ग्रॅममध्ये साधारण 36 ग्रॅम प्रथिने, 20 ग्रॅम तेल आणि 440 ते 450 कॅलरी असतात. त्यातले तेल काढून घेतले की उरलेल्या पेंडीच्या पिठापासून सोया चंक्स बनतात. त्यात प्रथिने 50 टक्क्यांच्या आसपास आणि तेल जेमतेम एक टक्का. काढलेले तेल वेगळे विकले जाते, ते शंभर टक्के चरबी. त्यात प्रथिने शून्य आणि ज्यावरून एवढा वाद होतो ती आयसोफ्लेव्होन्सही (इस्ट्रोजेन या हार्मोनशी मिळतीजुळती द्रव्ये) जवळपास शून्य. सोया सॉसमध्ये मुख्यतः मीठ. टोफूमध्ये, म्हणजे सोया दुधाच्या पनीरमध्ये, पाणी किती धरून ठेवले आहे त्यावर सगळे ठरते: मऊ, रेशमी टोफूच्या 100 ग्रॅममध्ये 5 ते 7 ग्रॅम प्रथिने, तर घट्ट दाबलेल्या टोफूत 12 ते 17. म्हणून ‘सोया खाल्ल्याने काय होते’ या प्रश्नाला आधी तीन उलट प्रश्न विचारावे लागतात. कोणत्या रूपातले, किती, आणि ताटातल्या कशाच्या जागी?

आधी वजनाचे बघू. सोयामध्ये चरबी वितळवणारे असे काही खास द्रव्य नाही. सोयाने भूक कमी लागते ती त्यातल्या प्रथिनांमुळे आणि तंतुमय भागामुळे, आणि हेच काम अंडी, मासे, दूध किंवा इतर कडधान्येही करतात. दोन गटांना सारख्याच कॅलरी आणि सारखीच प्रथिने दिली, एकाला सोयातून आणि दुसऱ्याला प्राणिजन्य पदार्थांतून, तर वजनातली घट जवळपास सारखीच राहते. फायदा होतो तो अदलाबदलीत. चरबीयुक्त मांस, चीज किंवा तळलेला खाऊ काढून त्या जागी टोफू किंवा उकडलेले सोयाबीन आले, तर त्याच पोटभर जेवणात कॅलरी कमी जातात. आधीचे सगळे तसेच ठेवून वर दोन ग्लास सोया दूध वाढवले, तर वजन वाढणारच. दोष सोयाचा नाही, बेरजेचा आहे.

सोया चंक्सच्या बाबतीत एक चूक जवळपास सगळेच करतात. पाकिटावर ‘100 ग्रॅममध्ये 52 ग्रॅम प्रथिने’ असे छापलेले असते, तो आकडा कोरड्या मालाचा आहे. भिजल्यावर चंक्स आपल्या वजनाच्या अडीच ते तीन पट होतात. भिजवून पिळलेले 100 ग्रॅम चंक्स मोजून कुणी ‘आज 52 ग्रॅम प्रथिने झाली’ असे धरत असेल, तर प्रत्यक्षात पोटात 17 ते 21 ग्रॅमच गेलेली असतात. काट्यावर नेहमी कोरडे वजन घ्या. 30 ग्रॅम कोरडे चंक्स म्हणजे साधारण 15 ग्रॅम प्रथिने, 4 ग्रॅम तंतू आणि 100 कॅलरी. एका वेळच्या जेवणाला हे पुरेसे आहे.

दुसरी चूक तेलाची. चंक्स स्पंजासारखे सच्छिद्र असतात. ते तेलात परतले की तेल आत शोषले जाते, कढईत दिसत नाही, म्हणून हात आणखी सैल सुटतो. दोन मोठे चमचे तेल म्हणजे सुमारे 240 कॅलरी, म्हणजे 100 कॅलरीच्या चंक्सवर त्याच्या दुपटीहून जास्त तेल. उपाय सोपा आहे. आधी उकळत्या, किंचित मिठाच्या पाण्यात 8 ते 10 मिनिटे शिजवा, गार पाण्याने धुऊन घट्ट पिळा, पुन्हा धुऊन पुन्हा पिळा. दोनदा पिळल्याने तो विशिष्ट वास जातो आणि गॅस करणाऱ्या शर्कराही बऱ्याच निघून जातात. मग चंक्स तेलात न टाकता तयार रश्श्यात टाका. पिळलेली छिद्रे तेलाऐवजी रस्सा शोषतात आणि चवही आत उतरते.

सोया दुधाचे पाकीट उलटे करून वाचायची सवय लावा. बिनसाखरेच्या 250 मिलिलिटरमध्ये 80 ते 100 कॅलरी आणि 7 ते 8 ग्रॅम प्रथिने असायला हवीत. प्रथिने 3 ग्रॅमच्या खाली असतील तर ते पातळ केलेले पेय आहे, दुधाच्या जागी ते चालणार नाही. चॉकलेट किंवा व्हॅनिलाच्या चवीच्या प्रकारांत एका ग्लासात तीन-चार चमचे साखर सहज असते. भाजलेले खारे सोयाबीन हा आणखी एक सापळा. मूठभर, म्हणजे 30 ग्रॅम, साधारण 140 कॅलरी देतात, आणि टीव्हीसमोर कुणी एका मुठीवर थांबत नाही. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात 900 मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असते, तर जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्या माणसासाठीची दिवसाची मर्यादा 2000 मिलिग्रॅमच्या आत आहे. रात्री सॉस घातलेले जेवण झाले आणि सकाळी काटा अर्धा-एक किलो वर गेला, तर ती चरबी नव्हे, मिठाने धरून ठेवलेले पाणी आहे. त्या एका आकड्यावरून घाबरून आहार बदलू नका. सात दिवसांची सरासरी बघा.

वजन उतरताना स्नायू टिकवायचे असतील तर दिवसाला शरीराच्या प्रत्येक किलोमागे 1.2 ते 1.6 ग्रॅम प्रथिने धरतात, म्हणजे 70 किलोच्या माणसाला 84 ते 112 ग्रॅम. सोया यातला 25-30 ग्रॅमचा वाटा आरामात उचलते. वनस्पतिजन्य प्रथिनांमध्ये सोयाची प्रत बरीच वरची आहे. सर्व आवश्यक अमिनो आम्ले तिच्यात आहेत, फक्त मेथिओनिन जरा कमी पडते. ते धान्यांतून भरून निघते, आणि धान्यांत कमी असलेले लायसिन सोया देते. व्यायामाच्या जोडीला पुरेशी प्रथिने मिळत असतील, तर सोयावरही स्नायू आणि ताकद प्राणिजन्य प्रथिनांइतकीच वाढते. मात्र बी-12 हे जीवनसत्त्व सोयात नाही. मांस, दूध, अंडी सगळे बंद करून सोयावर येणाऱ्यांनी बी-12 वेगळे घेतलेच पाहिजे.

आता शिजवण्याबद्दल, कारण तक्रारींपैकी निम्म्या इथेच जन्मतात. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन या पाचक रसाला अडवणारी द्रव्ये असतात. ऑसबोर्न आणि मेंडेल या शास्त्रज्ञांनी 1917 सालीच दाखवले की कच्च्या सोयाबीनवर उंदरांची वाढ नीट होत नाही, शिजवलेल्यावर होते. ही द्रव्ये ओल्या उष्णतेने मोडतात. म्हणून कच्चे सोयाबीन दळून केलेले पीठ तसेच पाण्यात ढवळून पिणे ही चूक आहे. पीठ घ्यायचे तर आधी उष्णता दिलेलेच घ्या.

अख्खे सोयाबीन चौपट पाण्यात 10 ते 12 तास भिजवा, उन्हाळ्यात फ्रिजमध्ये, नाहीतर पाणी आंबते. ते पाणी फेकून द्या. रॅफिनोज आणि स्टॅकिओज या शर्करा त्यात काही प्रमाणात उतरलेल्या असतात. त्या पचवणारे विकर (एन्झाइम) माणसाच्या आतड्यात नसते, म्हणून त्या मोठ्या आतड्यात जाऊन जिवाणूंचे खाद्य होतात आणि पोटात गुबारा धरतो. ताज्या पाण्यात, कुकर एक तृतीयांशाच्या वर न भरता, शिट्टी झाल्यावर मंद आचेवर 15 ते 20 मिनिटे ठेवा. कुकर जास्त भरला तर फेस आणि सुटलेली साले वाफेच्या वाटेत अडकतात, ते धोक्याचे आहे. चमचाभर तेल घातले तर फेस कमी येतो. साध्या पातेल्यात दोन-तीन तास लागतात. दाणा दोन बोटांत सहज चेपला गेला की झाले. मध्यभागी कच्चट टणकपणा राहिला तर आणखी शिजवा.

घरच्या सोया दुधाची फसगत वेगळीच आहे. 100 ग्रॅम कोरड्या दाण्यांचे साधारण एक लिटर दूध होते. भिजलेले दाणे गार पाण्यात वाटले की एक विकर जागे होते आणि तेलावर काम करून तो कच्चट, गवती वास तयार करते. हे टाळायला भिजलेले दाणे पाच मिनिटे उकळत्या पाण्यात टाका आणि वाटतानाही कडकडीत गरम पाणीच वापरा. वाटून गाळल्यावर दूध उकळायला ठेवले की 80 अंशांच्या आसपासच ते फसफसून वर येते. हे उकळणे खोटे असते. सॅपोनिन या सोयातल्या द्रव्यामुळे फेस धरतो, पण दूध अजून शिजलेले नसते. इथे गॅस बंद करणाऱ्यांना प्यायल्यावर तासाभरात मळमळ, उलटी, पोटात कळा असा त्रास होतो आणि मग ‘मला सोया सोसत नाही’ असा समज पक्का होतो. फेस आल्यावर आच कमी करा, फेस बसू द्या, आणि खरी उकळी आल्यापासून ढवळत निदान 10 ते 15 मिनिटे उकळा. गाळून उरलेला चोथा तंतूंनी भरलेला असतो. फेकू नका, पण तोही शिजवूनच वापरा.

या दुधात कॅल्शियम फारच कमी असते, हे घरी दूध करणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. विकतच्या दुधात ते बहुधा वरून घातलेले असते आणि तळाशी बसते, म्हणून पाकीट दर वेळी जोरात हलवा. टोफूचेही तसेच. कॅल्शियम सल्फेटने गोठवलेल्या टोफूत कॅल्शियम भरपूर, लिंबाने किंवा निगारीने (हे मुख्यतः मॅग्नेशियम क्लोराइड) गोठवलेल्यात बरेच कमी. घटकांच्या यादीत ‘कॅल्शियम सल्फेट’ हे शब्द शोधा. सोयातले लोह त्यातल्याच फायटेट या द्रव्यामुळे पूर्ण शोषले जात नाही. त्याच जेवणात लिंबू किंवा टोमॅटो ठेवा आणि चहा-कॉफी तासभर लांब ठेवा.

हार्मोनचा मुद्दा नीट समजून घेण्यासारखा आहे. सोयातल्या आयसोफ्लेव्होन्सची (मुख्य जेनिस्टाइन आणि डेडझाइन) रचना स्त्रियांच्या इस्ट्रोजेनशी मिळतीजुळती असते. म्हणून त्यांना वनस्पतिजन्य इस्ट्रोजेन म्हणतात, आणि या नावानेच निम्मी भीती पसरवली आहे. ती पेशींवरच्या इस्ट्रोजेनच्याच ग्राहकांना (रिसेप्टरना) चिकटतात, पण त्या दोन ग्राहकांपैकी बीटा या प्रकाराकडे त्यांचा ओढा जास्त आणि ताकद फार कमी. त्यामुळे एखाद्या ऊतीत त्यांचा परिणाम इस्ट्रोजेनसारखा दिसतो, एखाद्यात दिसत नाही, आणि कुठे उलटही दिसतो. शिवाय डेडझाइनपासून इक्वॉल हे अधिक प्रभावी द्रव्य बनवणारे जिवाणू प्रत्येकाच्या आतड्यात नसतात. एकाच मात्रेचा दोन माणसांना वेगळा अनुभव येतो त्यामागे हे एक कारण आहे. एक ग्लास सोया दूध किंवा 100 ग्रॅम टोफूतून साधारण 25 मिलिग्रॅम आयसोफ्लेव्होन्स मिळतात, आणि जपानमध्ये पारंपरिक जेवणातून रोज 30 ते 50 मिलिग्रॅम पोटात जातात. अल्कोहोलने धुऊन बनवलेल्या सोया प्रथिनाच्या भुकटीत ती फारच थोडी उरतात.

पुरुषांबाबत: अनेक चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण 2010 मध्ये आणि नव्या चाचण्या धरून पुन्हा 2021 मध्ये झाले. सोया किंवा आयसोफ्लेव्होन्स घेतल्याने टेस्टोस्टेरॉन किंवा इस्ट्रोजेनच्या पातळीत फरक दिसला नाही. मग छाती वाढल्याच्या गोष्टी येतात कुठून? 2008 मध्ये नोंदलेला एक रुग्ण साठ वर्षांचा होता आणि रोज तीन क्वार्ट, म्हणजे पावणेतीन लिटरहून अधिक सोया दूध पीत होता. ते थांबवल्यावर त्याची इस्ट्रोजेनची पातळी मूळ पदावर आली. यातून शिकायचे ते प्रमाणाबद्दल: दिवसाचे एक-दोन ग्लास आणि पावणेतीन लिटर यांना एकाच तागडीत तोलू नये.

स्त्रियांमध्ये पाळी थांबण्याच्या वयात अंगातून येणाऱ्या गरम वाफा आयसोफ्लेव्होन्सनी कमी होतात. दिवसाला 50 मिलिग्रॅमच्या आसपास मात्रेने त्यांची संख्या सुमारे एक पंचमांशाने घटते, पण त्याला काही आठवडे द्यावे लागतात. चार दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नका. स्तनाच्या कर्करोगाची भीती सर्वांत खोल असते आणि ती समजण्यासारखी आहे. शांघायमध्ये या आजारातून गेलेल्या 5042 स्त्रियांचा पाठपुरावा 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. सोयाचे पदार्थ जास्त खाणाऱ्यांमध्ये आजार उलटण्याचे आणि मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. सोया हे औषध आहे असा याचा अर्थ काढू नये, पण जेवणातले टोफू किंवा सोया दूध बंद करण्याचे कारण त्यात नाही. आयसोफ्लेव्होन्सच्या गोळ्यांची गोष्ट निराळी. ज्यांना हा आजार झाला आहे त्यांनी त्या आपल्या कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

कोलेस्टेरॉलसाठी मोठी आशा ठेवू नका. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 1999 मध्ये रोज 25 ग्रॅम सोया प्रथिनांचा हृदयरोगाशी जोडलेला दावा वेष्टनावर छापायला परवानगी दिली होती, आणि 2017 मध्ये त्याच संस्थेने तो मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला, कारण पुरावे एका दिशेने जात नव्हते. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 3 ते 4 टक्क्यांनी उतरते. 150 असेल तर पाच-सहा अंकांनी. चालू गोळी बंद करण्याइतके हे नाही.

थायरॉइड निरोगी असेल आणि आहारात आयोडीन पुरेसे असेल, तर सोयाने थायरॉइडची हार्मोन्स बदलत नाहीत. टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारे मेंदूकडचे हार्मोन) थोडे वर सरकल्याचे दिसते, तेही किरकोळ. आयोडीन कमी पडत असेल तर मात्र सोया त्यात भर घालते. पूर्वी सोयावर आधारित बाळांच्या दुधात आयोडीन घालत नसत, तेव्हा काही बाळांना गलगंड झाला होता. म्हणून मीठ आयोडीनयुक्त आहे ना, हे आधी बघा. खरी अडचण लेव्होथायरॉक्सिनची (कमी पडणाऱ्या थायरॉइड हार्मोनची) गोळी घेणाऱ्यांची आहे, कारण सोया आतड्यात त्या गोळीचे शोषण कमी करते. सकाळी उठल्यावर उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर गोळी, नाश्ता अर्ध्या ते एक तासाने, आणि सोया, कॅल्शियम किंवा लोहाची गोळी निदान चार तासांनी, असा क्रम ठेवा. सकाळच्या कॉफीत सोया दूध घालणाऱ्यांची मात्रा विनाकारण वाढत जाते ती यामुळेच. आणि सातत्य ठेवा: आठवडाभर रोज सोया, मग पंधरा दिवस अजिबात नाही, असे केले की टीएसएच हेलकावे खाते. सोयाचे प्रमाण कायमचे बदलले तर सहा ते आठ आठवड्यांनी रक्त तपासून घ्या.

काही जणांनी मात्र खरोखर जपायला हवे. सोयाची ॲलर्जी असणाऱ्यांनी लेसिथिन आणि ‘वनस्पतिजन्य प्रथिने’ हे शब्दही वेष्टनावर वाचावेत. बर्च या झाडाच्या परागकणांची ॲलर्जी असलेल्यांना सोया दूध प्यायल्यावर तोंड-घसा सुजण्याचा त्रास होऊ शकतो आणि तो कधी गंभीरही होतो. एक वर्षाच्या आतील बाळाला घरचे किंवा पाकिटातले सोया दूध देऊ नये. बाळांसाठी खास बनवलेले सोया फॉर्म्युला ही वेगळी वस्तू आहे आणि ती बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच द्यावी. कॅल्शियम ऑक्झलेटचे मूतखडे वारंवार होत असतील तर सोयातले ऑक्झलेट लक्षात घ्यावे. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिने आणि पोटॅशियम यांचा हिशेब आहारतज्ज्ञांकडून करून घ्यावा. वॉरफॅरिन हे रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्यांनी नाट्टो (जपानी आंबवलेले सोयाबीन) टाळावे. आंबवताना त्यात के-2 जीवनसत्त्व प्रचंड तयार होते आणि औषधाचा परिणाम पुसला जातो. नैराश्यासाठी एमएओ-रोधक गटातली गोळी चालू असेल तर मिसो, सोया सॉस, टेंपे असे आंबवलेले सर्व प्रकार त्यांतल्या टायरामिन या रक्तदाब वाढवणाऱ्या द्रव्यामुळे धोक्याचे.

हे अपवाद सोडले तर मोठ्या माणसाने दिवसाला दोन, फार तर तीन वाटे घ्यावेत. एक वाटा म्हणजे 250 मिलिलिटर बिनसाखरेचे सोया दूध, किंवा 100 ग्रॅम टोफू, किंवा 30 ग्रॅम कोरडे चंक्स, किंवा अर्धी वाटी शिजवलेले सोयाबीन. सुरुवात मात्र एका वाट्याने करा आणि तोही पहिला आठवडा टोफूचा असू द्या, कारण टोफू बनवताना गॅस करणाऱ्या शर्करा पाण्याबरोबर बऱ्याच निघून जातात. दुसऱ्या आठवड्यात दूध किंवा चंक्स आणा, अख्खे दाणे सगळ्यात शेवटी. मध्येच पोट फुगले तर एक पायरी मागे या, चार-पाच दिवस तिथेच थांबा आणि मग पुन्हा पुढे जा. आतड्यातले जिवाणू सरावायला दोन-तीन आठवडे घेतात.